कर्त्या पुरुषाचे संगोपन

आपल्या मुलाने पुढे उत्तम नवरा व्हावे अशी इच्छा असेल, तर त्याच्या लग्नाच्या वयाची वाट पाहू नये. पाचव्या वर्षीच त्याच्या हातातून ताट काढून घ्यावे. जेवण झाल्यावर तो ते मोरीकडे नेऊ लागला, तर ‘ठेव, ताई उचलील’ असे आजीने सांगावे आणि ताई त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे हे कोणाच्या लक्षात येऊ देऊ नये. दिवसभर कापूस वेचून आलेल्या आईने चूल पेटवायची, शाळेतून आलेल्या मुलीने भाकरी थापायच्या आणि पारावरून परतलेल्या चिरंजीवांना ‘दमला असेल’ म्हणून तांब्या भरून द्यायचा, हा क्रम एकदा अंगवळणी पडला की पुढचे शिक्षण आपोआप होते. वडिलांनी वेगळे काही शिकवण्याची गरज नाही. त्यांनी फक्त रागाच्या भरात आईशी अबोला धरावा आणि ‘तुझ्या आईला सांग, मी उद्या जालन्याला चाललो’ असे निरोप मुलाकरवी पाठवावेत. नवरा-बायकोचे मतभेद कसे मिटवतात, हे त्याला इतक्या लहानपणी दुसरे कोण शिकवणार?

दहावीला बरे गुण मिळाले की त्याला लातूरला पाठवावे, मात्र एकटे नव्हे. सोबत आईने जावे, एक खोली भाड्याने घ्यावी आणि त्याच्या गरम जेवणासाठी, धुतलेल्या कपड्यांसाठी व पहाटेच्या चहासाठी बारावी होईपर्यंत तेथेच राहावे. (गावाकडे वडिलांच्या भाकरीचे काय, हे विचारू नये; ताईचे शिक्षण दहावीनंतर थांबवले ते कशासाठी?) ‘नीट’च्या तयारीत तो पचनसंस्थेची आकृती डोळे मिटून काढू लागतो, पण त्या पचनसंस्थेत जाणारे अन्न ताटात कसे येते याविषयीचे त्याचे अज्ञान अबाधित राहते. लातूर पॅटर्नचे हे यश गुणपत्रिकेवर छापले जात नाही, ही खेदाची बाब आहे.

लग्नात हुंडा घेऊ नये. तो १९६१ पासून कायद्याने बंद आहे. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचे ते घाला’ एवढेच म्हणावे आणि शेजारच्या गावी कोणत्या जावयाला कोणती गाडी मिळाली, हे बोलण्याच्या ओघात सांगावे. नवरदेवाने या वेळी मोबाईल पाहावा. त्याच सुमारास ताईचे हक्कसोडपत्रही उरकून घ्यावे, कारण २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिलाही भावाइतकाच वाटा मिळाला आहे. सहीच्या बदल्यात साडीचोळी पुरते. नव्या सुनेला यात काही विचित्र वाटेल अशी भीती नको. तिच्याही भावाने मुद्रांक आणून ठेवलेला असतो.

पुढे दोघे वाळूजच्या कंपन्यांतून एकाच वेळी घरी परतले, तर त्याने टीव्हीसमोर आणि तिने गॅससमोर जावे. ‘जरा कांदा चिरून देता का?’ असे तिने विचारलेच, तर त्याने आईला फोन लावावा.

तरीही सुनेने बॅग भरली, तर दोन्हीकडच्या थोरांची बैठक बोलवावी. मुलाला काय म्हणायचे आहे, हे तेथे कोणी विचारण्याचा संभव कमी. विचारलेच तर त्याने खाली पाहावे, उत्तर मामा देतील. सोडचिठ्ठी झाली म्हणून खचून न जाता नवा बायोडाटा छापावा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या आणि त्यांच्यातले थोरले आता लग्नाच्या वयाला टेकले आहेत. त्यामुळे वधू-वर मेळाव्यात ‘आजकाल मुलीच मिळत नाहीत’ अशी तक्रार निःसंकोच करता येते, त्या कुठे गेल्या असे तेथे कोणी विचारत नाही. अपेक्षांच्या रकान्यात ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, तडजोड करणारी’ असे लिहावे, मुलाविषयी ‘निर्व्यसनी, स्वतंत्र विचारांचा’ असे लिहावे आणि संपर्कासाठी त्याच्या आईचा मोबाईल क्रमांक द्यावा.