‘भागाकार तीनच्या वर’ या मेसेजबद्दल खुलासा

परवा चाळीच्या ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे ढकलला: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्टमधल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) भागा, उत्तर ३ च्या वर आलं तर जठराच्या कॅन्सरचा पेशंट वर्षही काढत नाही. हे चूक आहे. मी परळला लॅबमध्ये काम करते, निदान मी तरी नीट वाचायला हवं होतं.

गुणोत्तर खोटं नाही. बऱ्याच अभ्यासांत ते जास्त असलेल्या गटाचं आयुर्मान सरासरीने कमी दिसलंय. पण गटाचं, एका माणसाचं नव्हे. सीमारेषाही जागेवर नाही. कुठे २, कुठे ३, कुठे ५. शिवाय आकडा भलता चंचल. न्यूमोनिया, ऑपरेशननंतरचे दिवस, केमोत उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, कशानेही तो वर उडतो. कॅन्सर नसलेल्या माणसाचासुद्धा न्यूमोनियात वाढतो.

डॉक्टर आधी स्टेज बघतात. मग गाठीच्या तुकड्यावर हर-टू, पीडी-एल१ (ही दोन प्रथिनं), एमएसआय (गाठीच्या डीएनएतली अस्थिरता) या तपासण्या, कारण औषध त्यावरून ठरतं. एमएसआय जास्त असेल तर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) लागू पडण्याची शक्यता वाढते. सीबीसीत यातलं काहीच दिसत नाही.

काल दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काकांचा रिपोर्ट आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा माझे डोळे उघडले. केमोच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त होतं ते!

माझा मेसेज मी काढलाय. तुम्ही जिथे जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका, आणि जुना कृपया पुढे पाठवू नका.