मतभेद आधीच माहीत होते

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि त्यात मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला बरं वाटत नाही.

रिपब्लिकन सिनेटर जड ग्रेग यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये डेमोक्रॅट ओबामांच्या मंत्रिमंडळात वाणिज्य मंत्री म्हणून जायला होकार देऊन मग माघार घेतली, तिला मी आधी शब्द मोडणं म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: मी सगळं डेमोक्रॅटिक चष्म्यातून पाहतो, ग्रेग यांना मंत्रिपद देऊ करणं हा सिनेटमधली त्यांची जागा लाटण्याचा डाव होता, जनगणना व्हाइट हाउसने स्वतःकडे ओढल्यावर कुठलाही स्वाभिमानी माणूस थांबला नसता, लग्न मोडण्यापेक्षा साखरपुडा मोडलेला बरा, आणि बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले त्याला आपण बाणेदारपणा म्हणतो, तर ग्रेग यांना वेगळा न्याय का?

आधी चष्म्याचं. मी डेमोक्रॅटिक पक्षाचा मतदार आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. त्या फेब्रुवारीत मला राग आला होता आणि तो प्रसंग आठवला की अजूनही येतो. पण तो राग माणूस रिपब्लिकन आहे म्हणून नव्हता. ३ फेब्रुवारीला ग्रेग व्हाइट हाउसमध्ये ओबामांच्या शेजारी उभे राहिले तेव्हा चिडलेले होते ते माझ्या ओळखीतले डेमोक्रॅट. निवडणूक आपण जिंकली आणि खाती त्यांना का वाटायची, असं ते विचारत होते. संरक्षण खातं बुश यांच्या काळातल्या रॉबर्ट गेट्स यांच्याकडेच राहिलं होतं, परिवहन रे लाहूड या रिपब्लिकन नेत्याकडे गेलं होतं, आणि आता वाणिज्यही. या मंडळींशी मी भांडत होतो. बँका कोलमडल्या होत्या, महिन्याला लाखो लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा वेळी अर्थसंकल्प कोळून प्यायलेला, न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर राहिलेला, २००८ च्या शरदात बँकांच्या बचाव योजनेच्या वाटाघाटीत डेमोक्रॅटांबरोबर बसलेला माणूस सरकारात येत असेल तर तो यायलाच हवा, असं मी म्हणत होतो. आजही म्हणेन. नऊ दिवसांनी, १२ तारखेला, ग्रेग यांनी नाव मागे घेतलं आणि त्या मंडळींना 'बघ, सांगितलं नव्हतं?' म्हणायची संधी मिळाली. माझ्या वैतागाचं मूळ तिथे आहे.

आता डावाचा आरोप. तो तेव्हाही झाला आणि वरवर पटण्यासारखा आहे. सिनेटच्या शंभर जागांपैकी डेमोक्रॅटांकडे दोन अपक्ष धरून ५८ होत्या. मिनेसोटात अल फ्रँकन आणि नॉर्म कोलमन यांचा निकाल कोर्टात अडकलेला होता. डेमोक्रॅट फ्रँकन आले असते तर ५९, आणि फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक अडवण्याचा विरोधकांचा डाव, मोडायला ६० लागतात. न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर जॉन लिंच डेमोक्रॅट होते, आणि ग्रेग यांची रिकामी जागा भरण्याचा अधिकार त्यांचा होता. गणित सरळ दिसतं. पण ग्रेग यांनी होकार देतानाच अट घातली होती की आपल्या जागी आपल्या पक्षाचा माणूस यावा, आणि लिंच यांनी ती मानून बॉनी न्यूमन या रिपब्लिकन बाईंचं नाव जाहीरही केलं होतं. म्हणजे सिनेटमधलं पक्षबळ एकानेही हललं नसतं. जागा लाटायची असती तर ही अट मान्य करून आणखी एक महत्त्वाचं खातं विरोधकाला द्यायचं कारणच काय होतं?

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते मतभेदांबद्दल. ग्रेग यांच्या निवेदनात दोन कारणं होती: मंदीवर उपाय म्हणून ओबामांनी आणलेलं आर्थिक पॅकेज आणि जनगणना. या बाबतींत न मिटणारे मतभेद आहेत, असं ते म्हणाले.

पॅकेजचं बघा. प्रतिनिधीगृहाने ते २८ जानेवारीला मंजूर केलं, एकाही रिपब्लिकन मताशिवाय. त्यात काय आहे, त्याचा आकार किती, ग्रेग यांच्या पक्षाला ते किती नकोसं आहे, हे सगळं त्या दिवशी उघड झालं होतं. ग्रेग ओबामांच्या शेजारी उभे राहिले ते त्यानंतर सहा दिवसांनी. त्या कार्यक्रमात ओबामांनी हसत हसत सांगितलं होतं की आमचं प्रत्येक बाबतीत एकमत नाही, निवडणूक कोणी जिंकायला हवी होती याबाबत तर नाहीच. ग्रेग यांनीही आपापल्या वैचारिक कोपऱ्यात उभं राहून एकमेकांवर ओरडण्याची ही वेळ नाही, अशा अर्थाचं भाषण केलं. १९९५ मध्ये त्यांनी ज्या अर्थसंकल्पी ठरावाच्या बाजूने मत दिलं त्यात हे वाणिज्य खातंच बंद करण्याची तरतूद होती, तेही सर्वांना ठाऊक होतं. मतभेद असूनही बोलावलं, असं इथे म्हणता येत नाही. मतभेद होते म्हणूनच बोलावलं होतं. ओबामांशी सहमत असलेला माणूस हवा असता तर त्यांच्या पक्षात असे शेकड्यांनी होते. मग ज्या कारणासाठी आपल्याला निवडलं तेच कारण नऊ दिवसांनी बाहेर पडण्यासाठी कसं पुढे करता येईल?

शिवाय व्हाइट हाउसने त्याच दिवशी स्पष्ट केलं की ग्रेग यांनी आपण होऊन इच्छा कळवली होती, आणि मतभेद असले तरी अध्यक्षांचा कार्यक्रम पुढे नेऊ असं मुलाखतींमध्ये सांगितलं होतं. ग्रेग यांनी याचा प्रतिवाद केला नाही. उलट चूक माझी आहे, असं ते पत्रकारांसमोर म्हणाले. मी त्यांना खोटारडा कुठेही म्हटलेलं नाही आणि इथेही म्हणत नाही. तीस वर्षं स्वतःच्या मताचा मालक असलेल्या माणसाला दुसऱ्याचं धोरण मांडणं जड जाईल, हे मला पूर्ण समजतं. पण हा विचार होकार देण्याआधी करायचा असतो.

म्हणूनच तुमचा साखरपुड्याचा दाखला मला अपुरा वाटतो. साखरपुडा मोडणं कधीकधी योग्यच असतं, जेव्हा मधल्या काळात काही नवं कळतं. इथे नवं काय कळलं? आणि मोडल्याची किंमत दोन्हीकडे सारखी पडत नाही. आपल्या लोकांचा विरोध पत्करून ज्याने हात पुढे केला, त्याची पत जास्त जाते. ओबामा त्या संध्याकाळी स्प्रिंगफील्डला होते, लिंकनच्या दोनशेव्या जयंतीला. आपल्याशी स्पर्धा केलेल्यांना मंत्रिमंडळात घेणाऱ्या लिंकनचं नाव त्या महिन्यात सगळ्यांच्या तोंडी होतं आणि ओबामा तोच आदर्श सांगत होते. त्याच दिवशी ही बातमी आली. हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण आपल्या माघारीचा अर्थ देशभर काय लावला जाईल हे इतक्या मुरलेल्या माणसाला कळत नव्हतं, असंही मला वाटत नाही.

जनगणनेचा मुद्दा मात्र तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. जनगणना विभाग वाणिज्य खात्याखाली येतो. ग्रेग यांचं नाव जाहीर होताच काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट आणि हिस्पॅनिक संघटना अस्वस्थ झाल्या, कारण सिनेटच्या विनियोजन समितीत असताना २००० च्या जनगणनेच्या जादा निधीला ग्रेग यांनी विरोध केला होता. ही अस्वस्थता पोकळ नव्हती. १९९० च्या मोजणीत अल्पसंख्याक मोठ्या प्रमाणात सुटले होते, आणि आकडे दुरुस्त करायला तेव्हाच्या रिपब्लिकन वाणिज्य मंत्र्यांनी १९९१ मध्ये नकार दिला होता. ज्या वस्तीत माणसं कमी मोजली जातात तिथे प्रतिनिधी कमी आणि केंद्राचा पैसा कमी, असा हा थेट हिशेब आहे. तो आपल्यालाही लागू होतो. २०१० च्या फॉर्मवर 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन होता. न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांनी तो भरला की नाही, यावर शाळांपासून रस्त्यांपर्यंतचे आकडे ठरतात.

या दबावाखाली व्हाइट हाउसने सांगितलं की जनगणनेचा संचालक व्हाइट हाउसशीही जवळून काम करील. ज्याला मंत्री नेमताय त्याच्या खात्यातलं सगळ्यात मोठं काम त्याच्या डोक्यावरून हाताळणं चूकच होतं, आणि हे मी डेमोक्रॅट म्हणून लिहितोय. अविश्वास होता तर नेमायचं नव्हतं. नेमलं तर विश्वास ठेवायचा. पुढे खुलासा आला की जनगणना खात्यातून काढून घेण्याचा कुठलाही प्रस्ताव नाही, पण मधल्या दिवसांत व्हायचं ते नुकसान झालं होतं.

तरीही हे कारण पुरत नाही. रिपब्लिकनांची मोठी भीती नमुना पद्धतीची होती: सगळ्यांना न मोजता नमुन्यावरून आकडे वाढवले जातील, अशी. पण प्रतिनिधीगृहाच्या जागा वाटण्यासाठी नमुना पद्धत वापरता येणार नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच दिला होता. व्हाइट हाउसच्या मनात काहीही असतं तरी ती वाट बंद होती. आणि पत्रकारांनी विचारलं तेव्हा खुद्द ग्रेग यांनी जनगणनेचा मुद्दा किरकोळ ठरवला. तुम्ही त्याला जितकं वजन देताय तितकं त्यांनीही दिलेलं नाही. ग्रेग यांच्यानंतर गॅरी लॉक वाणिज्य मंत्री झाले, जनगणना त्यांच्या खात्यातच राहिली, नमुना पद्धत वापरली गेली नाही, आणि मोजणी संपल्यावर १६० कोटी डॉलर वाचल्याचं लॉक यांनी जाहीर केलं.

बाबासाहेबांची तुलना वाचून मी थोडा थांबलो, कारण ती तुम्ही मनापासून केली आहे. पण तिच्यातून तुमच्या उलटच निष्कर्ष निघतो. काँग्रेसवर आयुष्यभर कठोर टीका केलेले बाबासाहेब १९४७ मध्ये कायदामंत्री झाले. घटनेच्या मसुद्याचं काम तडीस नेलं, हिंदू कोड बिलासाठी संसदेत वर्षानुवर्षं झुंजले. आणि सरकार आपल्याच विधेयकामागे उभं राहत नाही हे अनुभवाने कळल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. विधेयकाबरोबरच दलितांकडे होणारं दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरण ही कारणंही त्यांनी सविस्तर निवेदनात मांडली. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं ते मुंबईच्या प्रश्नावर, आणि तो निर्णय ते पदावर असताना झालेला होता. दोघांनीही आत राहून काम केलं, भांडले, आणि मग बाहेर पडले. बाणेदारपणा म्हणायचा तो याला. ग्रेग तर शपथेपर्यंतही पोहोचले नाहीत.

नुकसान काय झालं, असंही तुम्ही विचारलंत. पॅकेजच्या निकालात काहीच नाही. १० फेब्रुवारीला सिनेटने ते ६१ विरुद्ध ३७ ने पुढे नेलं तेव्हा ग्रेग मतदानापासून दूर राहिले होते. माघारीनंतरच्याच दिवशी, १३ तारखेला, त्यांनी विरोधात मत दिलं, तरी ते ६० विरुद्ध ३८ ने मंजूर झालं. आजारी डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी त्या रात्री येऊ शकले नाहीत. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राउन आईच्या श्रद्धांजली सभेहून विमानाने परत आले, त्यांच्यासाठी मतदान काही तास उघडं ठेवलं होतं, आणि साठावं मत त्यांचं पडलं. सुझन कॉलिन्स, ऑलिंपिया स्नो आणि आर्लेन स्पेक्टर या तीन रिपब्लिकनांशिवाय ते शक्य नव्हतं. एप्रिलमध्ये स्पेक्टर पक्ष सोडून डेमोक्रॅट झाले. दोन्ही बाजूंना पाय ठेवता येईल अशी जागा किती आक्रसत होती, ते या काही आठवड्यांत दिसतं, आणि ती आक्रसण्यात ग्रेग यांचा वाटा आहे, एवढंच माझं म्हणणं.

त्याची झळ पुढे त्यांनाही बसली, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. केंद्राची तूट आवरण्यासाठी दोन्ही पक्षांचा वैधानिक आयोग नेमावा, असा प्रस्ताव त्यांनी डेमोक्रॅट सिनेटर केंट कॉनरॅड यांच्याबरोबर मांडला होता. जानेवारी २०१० मध्ये त्याला ५३ मतं मिळाली, विरोधात ४६, आणि ६० न झाल्याने तो पडला. विरोधात मत देणाऱ्यांत सात रिपब्लिकन असे होते की ज्यांनी स्वतःच या प्रस्तावावर सहप्रस्तावक म्हणून सही केली होती, २००८ मध्ये ओबामांविरुद्ध अध्यक्षपदासाठी लढलेले जॉन मॅकेन त्यांत होते. ग्रेग मात्र शेवटपर्यंत ठाम राहिले. नंतर ओबामांनी आदेशाने नेमलेल्या आयोगात ते बसले आणि डिसेंबर २०१० मध्ये, पक्षातल्या कित्येकांना न आवडणाऱ्या अहवालाच्या बाजूने त्यांनी मत दिलं. ही हिंमत त्यांच्याकडे होती, म्हणून तर २००९ ची माघार मला जास्त लागते.

शेवटचा तुमचा प्रश्न: बुश यांच्या मंत्रिमंडळातून एखादा डेमोक्रॅट असा फिरला असता तर मी हेच लिहिलं असतं का? बुश यांनी २००१ मध्ये नॉर्मन मिनेटा या डेमोक्रॅट नेत्याला परिवहन खातं दिलं. करकपातीपासून इराकपर्यंत मिनेटांच्या पक्षाचं बुश यांच्याशी काय चाललं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी ११ सप्टेंबरला देशभरची विमानं उतरवण्यापासून २००६ पर्यंत ते त्या खात्यात राहिले. मिनेटा नऊ दिवसांत 'आमचं जमत नाही' म्हणून परतले असते, तर मी त्यांच्याबद्दल याच शब्दांत लिहिलं असतं, आणि त्यांची पाठ थोपटणाऱ्या माझ्या पक्षातल्या लोकांबद्दलही.