लेकीला तीनदा ‘पुन्हा सांग’ म्हणणाऱ्या रोबोबद्दल

ताई, नमस्कार.

आमच्या रोबोसोबतच्या वर्गाला तुम्ही एक तारा दिलात आणि कारणंही लिहिलीत: रोबोला तुमच्या चार वर्षांच्या लेकीचं बोलणं कळलं नाही, ती रडली, आणि यापेक्षा घरचा टॅबलेट बरा. पहिल्या दोन्ही बाबतींत चूक आमचीच आहे.

त्या दिवशीच्या शिक्षिकेशी मी सविस्तर बोलले. रोबोने हत्तीचं चित्र दाखवलं. तुमची लेक हळूच ‘अत्ती’ म्हणाली. रोबो म्हणाला, ‘ऐकू नाही आलं, पुन्हा सांगशील?’ असं तीनदा झालं, तेही त्याच हसऱ्या आवाजात. तिसऱ्यांदा तिने चित्र पालथं घातलं आणि हात मांडीखाली दडवले. तिचं उत्तर पहिल्यांदाच बरोबर होतं, हे मला फार लागलं. शिक्षिका शेजारच्या टेबलावर होत्या, त्या येईपर्यंत उशीर झाला होता.

बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणा मुख्यतः मोठ्यांच्या आवाजावर तयार झालेल्या असतात. लहानांचा आवाज बारीक, उच्चार अजून घडत असलेले, मध्येच थांबून बोलायची सवय. त्यामुळे त्या बरेचदा चुकतात. आम्हाला हे माहीत होतं, तरी रोबोला तोंडी उत्तरावर अडून राहू दिलं. आता एकदा कळलं नाही की तो चित्राला हात लावायला सांगतो आणि पुढे जातो. आणि मूल रोबोसमोर असताना शिक्षिका त्याच्या शेजारून हलत नाहीत.

टॅबलेटबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या १९४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच-सहा वर्षांची मुलं, शिकायचे होते इंग्रजी शब्द. रोबोसोबत शिकलेली आणि नुसत्या टॅबलेटवर शिकलेली मुलं सारखीच शिकली. म्हणून ‘रोबोमुळे मूल लवकर शब्द शिकेल’ असं आम्ही कुणाला सांगत नाही. कुणी सांगितलं असेल तर मला जरूर कळवा.

मग रोबो ठेवायचा कशाला? माझ्या मते त्याचा खरा उपयोग मुलापेक्षा कमी जाणणारा सवंगडी म्हणून आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास वेडंवाकडं अक्षर काढणारा रोबो मुलांपुढे ठेवला आणि त्याला शिकवायचं काम मुलांना दिलं. ज्या मुलाला एरवी सगळे दुरुस्त करत असतात, ते इथे गुरुजी होतं. आमच्याकडेही मुलं रोबोला ‘असं नाही रे, बघ’ म्हणत चित्र पुढे सरकवतात, तेव्हा आधी गप्प बसलेली मुलंही बोलू लागतात. तुमच्या लेकीला मात्र आम्ही नेमकं उलट, परीक्षेला बसवलं.

पैसे परत केले आहेत. पुन्हा याच, असा आग्रह नाही. आलात तर पहिल्या दिवशी तुम्हीच तिच्या शेजारी बसा. त्या दिवशी हत्ती रोबोला ओळखता येणार नाही, तो तिलाच विचारेल.