हात दाखवून अवलक्षण

"सहज काढलंय, दहा मिनिटांत. फार काही खास नाही."

माझ्या प्रत्येक फॅनआर्टखाली, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं काढून नेटवर टाकलेल्या चित्राखाली, हे वाक्य असतं आणि प्रत्येक वेळी ते धादांत खोटं असतं. मागच्या खेपेला हे 'सहज' काढायला मला तीन रात्री लागल्या. त्यातली दीड रात्र एका डाव्या हाताने खाल्ली. शेवटी तो हात मी झग्याखाली कोंबला आणि चित्र टाकून मोकळी झाले.

हातांशी माझं जुनं वैर आहे. सगळ्या चेहऱ्यात मिळून हाडं 14 आणि एकेका हातात, मनगट धरून, 27! एवढा पसारा तिथे मांडायची काय गरज होती? जुने कार्टूनवाले शहाणे. त्यांनी पात्रांना तीन बोटं आणि एक अंगठा दिला, वर हातमोजे चढवले आणि विषय संपवला. माझं नशीब असं, की मी ज्या मालिकेच्या प्रेमात पडले तिच्यात सगळ्यांना पाच-पाच बोटं आहेत. शिवाय ही मंडळी कधी रिकाम्या हाताने उभी राहत नाहीत. तलवार तरी धरतील, नाहीतर एकमेकांचा हात.

म्हणून माझ्या चित्रांत एकाचे हात पाठीमागे, दुसऱ्याचे ढालीमागे. तिसऱ्याला हाताची घडी घालायला लावली, तर कोपरावरून चार बोटं डोकावायला लागली, म्हणजे आगीतून फुफाट्यात. चौथ्याला मी कमरेइतक्या गवतात उभा केला. ही गोष्ट अख्खी जहाजावर घडते, पण गवताबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

आईला चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघून म्हणाली, "छान आहे गं. पण ह्याला थंडी वाजतेय का?" दादा मागून डोकावला. "सगळे 'विश्राम'मध्ये का उभे आहेत?"

दुसरं संकट आरशाचं. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण चित्रातल्या चेहऱ्याला लागतो. ॲपमध्ये चित्र उलटं करून बघायची सोय असते: डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. सरळ बघताना जो कप्तान देखणा, करारी वाटत असतो, त्याचं तोंड उलट्या चित्रात एका बाजूला ओघळलेलं दिसतं. एक डोळा कपाळाकडे निघालेला, हनुवटी भलत्याच दिशेला. डोळ्यांना सवय झाली की वाकडंही सरळ दिसायला लागतं, म्हणून उलटं करून बघायचं असतं, हे मला कळतं. तरी मी ते बटण चित्र पूर्ण झाल्यावरच दाबते आणि मग रात्री दोनला त्याचा जबडा सरळ करत बसते.

एकदा मात्र मी हिंमत केली आणि हात उघडा ठेवला. आठ-दहा फोटो बघून, स्वतःचा पंजा दिव्याखाली धरून काढला. टाकला. पाच मिनिटांत एकाने विचारलं, "हे एआयने केलंय ना?"

मी चित्र मोठं करून बोटं मोजली. सहा होती.

हल्ली चित्र यंत्राने काढलं की माणसाने, हे ओळखायला लोक आधी बोटं मोजतात. यंत्रं आता पुष्कळ सुधारली, मी आहे तिथेच आहे. निर्दोष ठरायचा एकच मार्ग उरला होता. ॲप आपोआप चित्र घडतानाचं रेकॉर्डिंग करून ठेवतं, ते मी टाकलं. 30 सेकंदांचा व्हिडिओ. त्यातले 22 सेकंद नुसता हात: उगवतो, सुजतो, पुसला जातो, पुन्हा उगवतो, मध्येच त्याचा फावडा होतो. मी निर्दोष सुटले. "इतकं वाईट यंत्र करणार नाही," असं एकाने अगदी प्रेमाने लिहिलंही.

त्यानंतर मी चित्रांपुढे हात टेकले आणि क्रोशाकडे वळले. क्रोशाच्या बाहुल्यांना बोटं नसतात, हाताच्या शेवटाला नुसता गोळा असतो. स्वर्गच! मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळायच्या दोऱ्याच्या कड्यात, सहा टाके, पुढच्या फेरीत 12, मग 18, की डोकं आपसूक गोल व्हायला लागतं. अडचण आली ती डोळ्यांची. बाहुलीचे प्लॅस्टिकचे डोळे मागून चकती दाबून बसवायचे असतात. कट्ट आवाज झाला की झालं, मग ते निघत नाहीत. आणि बसवायचे कापूस भरण्याआधी. रिकाम्या डोक्यावर ते अगदी जागच्या जागी दिसत होते. कप्तान धीरगंभीर दिसत होता. मी कापूस भरत गेले, डोकं फुगत गेलं आणि दोन्ही डोळे हळूहळू कानांच्या दिशेने निघाले.

खिडकीच्या उजेडात फोटो काढून टाकला. पहिलाच प्रतिसाद आला, "किती गोड बेडूक!"

मी "थँक्यू" म्हटलं. काय करणार?

चित्र टाकल्यानंतरचा पहिला तास ही तर वेगळीच शिक्षा. फोन उशीखाली सारायचा, 'आता बघायचंच नाही' म्हणायचं आणि चाळिसाव्या सेकंदाला काढून बघायचं. अशा वेळी मला 1975 च्या डिसेंबरातलं टोकियो आठवतं. हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा पहिला 'कॉमिकेट' बाजार तिथे भरला, तेव्हा होते 32 गट आणि सुमारे 700 माणसं. टेबलावर आपली पुस्तिका ठेवून मागे बसायचं आणि समोरचा पानं उलटताना त्याच्या भुवया बघायच्या! त्या टेबलाखाली शिरून मी बाहेरच आले नसते.

आता राहिला ओसी. ओसी म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीच्या जगात आपण हक्काने घुसवलेलं आपलं स्वतःचं पात्र. माझी पहिली ओसी चंदेरी केसांची होती, एक डोळा निळा, एक सोनेरी. वय 14. सात भाषा येणारी, कप्तानाची हरवलेली बहीण. शेवटी ती मरते आणि अख्खं जहाज ढसाढसा रडतं. असं जगात कुणाला सुचलं नसेल, अशी माझी खात्री होती. मग कळलं, की पॉला स्मिथ नावाच्या अमेरिकन बाईंनी 1973 मध्येच असल्या नायिकांची टर उडवणारी एक चिमुकली कथा 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या मालिकेच्या चाहत्यांच्या मासिकात लिहिली होती. नायिका मेरी सू, साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट. तीही मरते. तेही सगळे रडतात. तेव्हापासून अशा प्रत्येक पोरीला 'मेरी सू' म्हणतात. माझीत आणि तिच्यात दीड वर्षाचा फरक होता, बाकी छापील प्रत.

म्हणून दुसरी ओसी जपून केली. काजळी. जहाजावरचे दिवे विझवणारी मुलगी, दिसायला साधी, भाषा एकच, मरत नाही. हात कायम खिशात. (का ते आता तुम्हाला ठाऊक आहे.) तिच्यावर मी सात पानी टिपण लिहिलं आणि 'काजळीबद्दल काहीही विचारा' असं जाहीर केलं. पंधरा दिवस कुणी काही विचारलं नाही. सोळाव्या दिवशी एका मुलीने विचारलं, "तिचे हात नेहमी खिशात का असतात?"

खरं सांगायची सोय नव्हती. मी लिहिलं, "ती ज्याला हात लावते ते विझतं. म्हणून ती कुणाला हात लावत नाही."

थाप मारून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. लोकांनी तर काजळीला उचलूनच धरलं. ती कुणाला चुकून हात लावेल, विझणारं पहिलं माणूस कोण, यावर रात्रभर खल झाला. आणि महिन्याभराने त्याच मुलीने चित्र पाठवलं: अंधारा डेक, शेवटचा एक दिवा आणि काजळीने पहिल्यांदाच खिशातून बाहेर काढलेले दोन्ही हात. चित्र मोठं करकरून मी ते बघत राहिले. नखांच्या कडेला काजळी होती, अंगठ्याला भाजल्याचा जुना डाग होता. बोटं मोजली. बरोबर दहा.

तिला काय लिहावं ते सुचेना. खाली तिनेच लिहिलं होतं, "सहज काढलंय गं. आता तू माझ्या ओसीला काढशील?" सोबत वर्णन होतं. तो वादक आहे. एका वेळी दोन वाद्यं वाजवतो, म्हणून त्याला चार हात आहेत. प्रत्येक बोटात अंगठी.

27 चोक 108.

"अगं, त्यात काय! दहा मिनिटांत काढते," मी लिहिलं. आणि पाठवता पाठवता जोडलं, "तुझ्या गोष्टीत गवत साधारण किती उंच वाढतं?"