‘गॅस’ म्हटलं असतं तर भागलं असतं का?

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पोटातल्या वायूवरच्या माझ्या लेखात ‘पादणे’ हा शब्द वारंवार आल्याने तो घरात मोठ्याने वाचता आला नाही, ‘गॅस’ म्हणून भागलं असतं, आणि हिंग-ओव्याला मी कमी लेखलं, असं तुमचं म्हणणं आहे. शेवटी तुम्ही लिहिलंत की रोज कडधान्य खाणाऱ्यांना एवढा त्रास होतच नाही.

आधी शब्दाबद्दल. ‘गॅस’ने भागत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी गॅस, आंबट ढेकर आले तरी गॅस, पोट तट्ट फुगलं तरी गॅस. माझ्या वडिलांना पहाटे तीनला छातीत दाटून आलं, दरदरून घाम फुटला. ‘गॅस धरलाय’ असं त्यांनीच ठरवलं. आईने ओवा-सैंधव दिलं, पाठ चोळली. सातला ईसीजी काढला तेव्हा कळलं की हृदयविकाराचा झटका आहे. वडील वाचले, पण ते चार तास परत मिळाले नाहीत. तेव्हापासून खालून सरणाऱ्या वायूला मी त्याच्याच नावाने ओळखतो, म्हणजे बाकीच्या दुखण्यांना ते नाव चिकटत नाही.

तुम्ही परंपरेचा दाखला दिलात. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा सातवा अध्यायच वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, अडवू नयेत यावर आहे, आणि त्यात मलमूत्राच्या जोडीने वाताचाही उल्लेख आहे. आपल्या घरांत मात्र सासरे बैठकीत खुशाल मोकळे होतात आणि सून दिवसभर पोट आवळून वावरते. माझ्या आत्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सिस्टर रोज विचारायच्या, ‘वारा सरला का?’ आतडी पुन्हा चालू झाल्याची ती खूण असते. पण खोलीत जावई बसलेले, म्हणून आत्या खाली मान घालून गप्प. शेवटी सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा ती बोलली.

हिंग-ओव्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. आमच्याही फोडणीत हिंग असतोच. पण वायूचं मूळ वेगळं आहे. वाल, राजमा, हरभरा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात तयार होत नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. या तिन्हींना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि ती जेमतेम टक्काभरही नसतात. कडधान्य भिजवून पाणी ओतून दिलं, मोड आणले, की त्या साखरा बऱ्याच कमी होतात. मोड आणून सोललेल्या वालाच्या डाळिंब्या करणाऱ्या आज्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं. एवढं करूनही दिवसात दहा-वीस वेळा वारा सरणं निरोगी माणसाचं लक्षण आहे. मात्र वजन घटू लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहिलं, तर घरगुती उपाय करत बसू नये.

तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्याकडून राहिला. कडधान्य नेमाने खाल्लं तर काही आठवड्यांत पुष्कळांचा त्रास कमी होतो, म्हणून एकदम वाटीभर उसळ न खाता थोडी थोडी वाढवावी. आज रात्री तेवढा भाग लेखात घालतो. शब्द आहे तसाच राहील.