चेटकिणी कसल्या, वेल्सच्या बायका आहेत त्या

काल रात्री मावशीने फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला. वर "बापरे!!" आणि खाली जुनं रंगीत पोस्टकार्ड, उंच काळ्या टोप्या घातलेल्या बायका चहा पितायत. मजकूर काय, तर या ब्रिटनच्या खऱ्या चेटकिणी, ओळखू याव्यात म्हणून सरकारने त्यांना ही टोपी सक्तीची केली, टोपी शेकडो वर्षं जुनी आणि तिकडे रोज असंच फिरायचे. अहो, हा तर वेल्सच्या, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागातल्या, बायकांचा वेश आहे.

आधी चेटकिणींचं बघू, कारण डोकं तिथेच फिरलं. ब्रिटनमध्ये चेटकीण म्हणून खटले भरणं १७३५ च्या कायद्याने बंद झालं, आणि फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. मग शंभर वर्षांनी सरकारने कोणाला पकडून, टोपी घालून, वर चहा पाजून फोटोला बसवलं? आणि झूम करून बघा ना जरा, चेटकिणीची टोपी टोकदार काढतात, ही वर चक्क सपाट आहे, धुराड्यासारखी, आणि काठाखालून पांढऱ्या झालरीची कापडी टोपी दिसतेय. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे मला यात हसायला काही सापडलं नाही.

शेकडो वर्षंही नाही. वेल्सचं राष्ट्रीय संग्रहालयच सांगतं की ही टोपी १८४० च्या दशकात आली, पुरुषांची टॉप हॅट आणि त्याआधीची खेड्यातली उंच टोपी यांची खिचडी.

दादाने खाली लगेच ज्ञान पाजळलं, "हा अख्खा ड्रेस एका लेडीने शोधला." बरं, अर्धं खरं आहे, मानते. ऑगस्टा हॉल, म्हणजे पुढची लेडी लॅनोव्हर, हिने १८३४ च्या कार्डिफच्या आयस्टेथवोडमध्ये, म्हणजे त्यांच्या साहित्य-संगीताच्या मेळाव्यात, वेल्श भाषा आणि पोशाखाच्या बाजूने लिहून बक्षीस मिळवलं. पण फ्लॅनेलचा घागरा, त्यावर लांब झगा, एप्रन आणि शाल हे खेड्यातल्या बायका आधीपासून वापरतच होत्या, तिने फक्त उचलून धरलं.

रोजचं म्हणाल तर पोस्टकार्डांची चलती आली तोवर हा वेश रोजच्या वापरातून जवळजवळ गेलाच होता. टुरिस्टांना कार्डं विकायची म्हणून बायकांना नटवून, हातात विणकाम नाहीतर समोर किटली देऊन बसवायचे. कित्येक कार्डांचे रंगसुद्धा मागाहून चढवलेले, त्यामुळे शाल लाल होती की नाही यावर वाद घालू नका.

मावशी, फोटो ठेव, छान आहे. खालचा मजकूर तेवढा उडव, आणि ज्या भिशीच्या ग्रुपवरून आला तिथेही सांग.