कानशिलातला नकाशा

आमच्या कन्येची एमबीबीएस पहिल्या वर्षाची ॲनॉटमीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सोमवारी होती आणि माझ्या डोक्यावर केस नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे मला रविवारी दुपारी, मटण पोटात स्थिरावत असताना कळलं.

"बाबा, हलू नकोस."

तिने कानापुढचं गालाचं हाड चाचपलं, त्याच्या मध्यावरून पट्टीने 4 सेंटिमीटर वर मोजलं आणि फुली मारली. "हा टेरिऑन. कवटीची चार हाडं इथे भेटतात." फुलीपासून मागे, जराशी वर चढत जाणारी रेघ ओढली. ही सिल्व्हियन फिशर, म्हणजे आतल्या मेंदूवरची खोल खाच. तिच्या खालचा, बॉक्सिंग ग्लोव्हच्या अंगठ्यासारखा भाग म्हणजे मेंदूचा टेम्पोरल लोब. त्यावर आणखी दोन आडव्या रेघा, म्हणजे तीन पट्टे, मेंदूच्या तीन वळ्या: सुपिरिअर, मिडल आणि इन्फिरिअर टेम्पोरल गायरस. आमचे गणिताचे सर नेमकी हीच जागा हेरून ठेवून द्यायचे. कानशिलाच्या आत एवढा ऐवज आहे, याची त्या माऊलीला कल्पना नसावी.

"आणि मागची हद्द?"

"तिथे सलग खाच नसते. पराएटो-ऑक्सिपिटल सल्कस नावाच्या खाचेपासून प्रीऑक्सिपिटल नॉच नावाच्या खोबणीपर्यंत काल्पनिक रेघ धरायची."

दादर संपून माटुंगा सुरू होतो तसंच हे. दलालाला विचाराल तर वडाळ्यापर्यंत दादरच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, उद्या येताना दादरहून अळू आणा." मी म्हटलं, "हं."

कन्येने पेन थांबवलं. "बघ, आवाज पोचतो हेश्लच्या गायरसमध्ये. तो फिशरच्या आत दडलेला असतो, बाहेरून दिसत नाही. पण बोलण्याचा अर्थ लागतो तो सुपिरिअर गायरसच्या मागच्या भागात, बहुतेकांच्या डाव्या बाजूला. वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1874 मध्ये असे पेशंट नोंदवले. बोलणं घडाघडा, पण समोरच्याचं कळत नाही."

"1874?" आतून आवाज. "मला 1998 मध्ये कळलं." आमचं लग्न 1998 चं.

पेन पर्मनंट मार्कर निघालं. खोबरेल झालं, नेलपॉलिश रिमूव्हर झालं, शेवटी भांड्यांची घासणी झाली. डोकं लाल झालं, नकाशा जागेवर.

सोमवारी मुलुंडला गाडीत शिरलो आणि आक्रीत घडलं. खिडकीतला माणूस माझ्या डोक्याकडे बघत चक्क उठला. "बसा, बसा." बावीस वर्षांच्या अपडाऊनमध्ये मला चौथी सीटसुद्धा कोणी अशी मायेने दिलेली नाही. समोरचा हळूच म्हणाला, "ऑपरेशन कधी आहे?" मी नुसता खिडकीबाहेर बघत सुस्कारा सोडला. खोटं बोललो नाही.

"वहिनींना सांगा, काही लागलं तर हाक मारा," उठलेला माणूस म्हणाला. म्हणजे हा ओळखीचा! कोण बरं? चेहरे ओळखणारा फ्युसिफॉर्म गायरस मेंदूच्या खालच्या अंगाला असतो. तिथे मार्कर पोचला नव्हता, आणि माझ्या बाबतीत बहुधा दुसरंही काही पोचत नसावं. घाटकोपर आलं, कुर्ला गेलं, चेहरा लागेना. "नक्की सांगतो," म्हणालो.

संध्याकाळी दादरला उतरून, अगदी आठवणीने, पालकाच्या दोन जुड्या घेतल्या.